थार, पण मागच्या दोनच चाकांवर: दणकट गाड्या टू-व्हील ड्राइव्हमध्ये विकाव्यात का?

मावळवाट

माझं मत आधीच सांगतो: विकू नयेत. निदान त्याच नावाने तरी नाही.

२ ऑक्टोबर २०२० ला महिंद्राची नवी थार विक्रीला आली तेव्हा कुठलंही मॉडेल घेतलं तरी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद, मिळायचंच. जानेवारी २०२३ मध्ये ९.९९ लाखांपासून (एक्स-शोरूम) मागच्या चाकांवर चालणारी थार आली. बाहेरून गाडी तीच. आत गियरच्या दांड्याजवळ जिथे फोर बाय फोरचा छोटा दांडा होता, तिथे किरकोळ सामान ठेवायला खण. मग ऑगस्ट २०२४ मध्ये पाच दारांची थार रॉक्स आली. तिच्यात पेट्रोल इंजिन घेतलं तर फोर बाय फोर मागूनही मिळत नाही.

या गाड्यांमध्ये आपण काय काय सोसतो बघा. तीन दारांच्या थारमध्ये मागच्या सीटवर जायला कसरत, डिकी नावापुरती, खड्ड्यात हाडं खिळखिळी, हायवेला वाऱ्याचा आवाज. हे सगळं का सोसायचं? तर दुसरी गाडी जिथे थांबते तिथून ही पुढे जाते म्हणून. तेच काढून घेतलं तर उरलं काय?

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. पावसाळ्यात लोणावळ्याहून राजमाचीच्या वाटेवर उधेवाडीकडे ज्या गाड्या रुततात, त्यात अशा टू-व्हील गाड्या वाढल्यात. गाडी दिसते तशी असणार, या भरवशावर लोक आत शिरतात. मग भातलावणी सोडून गावातला माणूस ट्रॅक्टर घेऊन येतो. त्याचा अर्धा दिवस जातो.

तुम्हाला काय वाटतं?

---

निळीथार

मी टू-व्हील ड्राइव्ह थारच चालवते. पुण्यात राहते, ऑफिस हिंजवडीला. गाडी घेताना मला फोर बाय फोर नको होतं आणि मला ते पूर्ण कळूनसवरून नको होतं. उंच बसायला मिळतं, समोरचं नीट दिसतं, वारज्यापासून वाकडपर्यंतच्या खड्ड्यांची आणि पावसात तुंबलेल्या पाण्याची भीती वाटत नाही. जमिनीपासूनची उंची २२६ मिमी दोन्ही गाड्यांना सारखीच आहे. मला तेवढंच हवं होतं, तेवढ्याचेच पैसे दिले.

मी राजमाचीला कधी गेले नाही, जाणारही नाही. मग मी काय घ्यावं हे दुसऱ्याने का ठरवायचं? प्रत्येक ग्रुपवर "ही खरी थार नव्हे" हे ऐकून कंटाळा आलाय. गाडी माझी आहे, हप्ते माझे आहेत.

---

मावळवाट

निळीथार, तुमच्या निवडीबद्दल माझी काही तक्रार नाही. तुम्हाला माहीत होतं तुम्ही काय घेताय. ज्यांना माहीत नसतं त्यांच्याबद्दल बोलतोय.

---

जुनीजीप

तरुण मंडळींनी थोडा इतिहास बघावा. महिंद्राने मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली १९४७ मध्ये. तेव्हापासून आपल्याकडे जीप म्हणजे फोर बाय फोर हे समीकरण लष्कर, वनखातं आणि पाटबंधारे खात्यापुरतं खरं होतं. गावात जी जीप आली ती बहुतेक टू-व्हीलच होती. कमांडर, मार्शल, नंतर बोलेरो. त्यांच्यातही फोर बाय फोर मिळायची, पण घेणारा विरळा. २०१० मध्ये पहिली थार आली तेव्हासुद्धा तिच्यात डीआय इंजिनाची स्वस्त टू-व्हील आवृत्ती होती. म्हणजे २०२३ मध्ये काही आक्रीत घडलेलं नाही. उलट २०२० ते २०२२ ही दोन-सव्वादोन वर्षंच वेगळी होती.

आमच्या भागात कमांडरच्या मागच्या बाकांवर माणसं, टपावर पोती आणि दारात लोंबकळणारे दोघं-तिघं, अशा थाटात ती जीप अशा रस्त्यांवरून गेलीय की आजचे लोक तिथे व्हिडिओ काढतील. मागच्या चाकांवर एवढं वजन असलं की चाक जागेवर फिरायची बातच नाही.

---

पंचगंगाकाठ

जुनीजीप काका, एकदम बरोबर बोललासा. आमच्याकडं वडापच्या (शेअर जीपच्या) ट्रॅक्सनं आणि कमांडरनं निम्मा जिल्हा शिकवला, निम्म्याची लग्नं लावली. कुणी इचारलं न्हाई किती चाकं वडत्यात म्हणून.

आणि मावळवाट दादा, ट्रॅक्टर घेऊन येणारा म्हणालासा, तो ट्रॅक्टर पण टू-व्हीलच असतोय बहुतेक वेळा. :) ऊस वडणारे कितीतरी ट्रॅक्टर मागच्याच चाकांवर चालत्यात. टायरात पाणी भरायचं, मागं वजन टाकायचं, काम होतंय. चिखलणीला भातात जाणारा फोर-व्हील घेतो, कारण त्याला लागतंय. ज्याला जे लागतंय ते त्यानं घ्यावं.

---

ट्रान्स्फरकेस

मी चाकणच्या पट्ट्यात गाड्यांच्या सुट्या भागांचं काम करतो. दोन-तीन गोष्टी तांत्रिक अंगाने मांडतो, कारण या चर्चेत सगळे फक्त "चढायला" एवढंच बघतात.

पहिली गोष्ट. चार चाकांना ताकद दिली की ताकद वाढत नाही. तीच ताकद चार ठिकाणी वाटली जाते, त्यामुळे प्रत्येक चाकावर घसरायची वेळ उशिरा येते. ओल्या लाल मातीवर हा फरक फार मोठा, कोरड्या डांबरावर जवळजवळ शून्य. आणि थारसारख्या गाडीत, जिथे पुढच्या-मागच्या चाकांच्या मधे डिफरन्शल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गियरसंच) नाही, तिथे कोरड्या डांबरावर फोर-हाय (नेहमीच्या वेगाचं फोर बाय फोर) टाकून वळणं घेतली तर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापू बघतात आणि सगळा ताण शाफ्ट आणि गियरवर येतो. म्हणजे शहरात फोर बाय फोर असूनही ते वापरता येत नाही. निळीथार यांचा हिशोब चोख आहे.

दुसरी गोष्ट, जी बहुतेकांना ठाऊक नसते. नुसतं फोर बाय फोर आहे म्हणून गाडी निघतेच असं नाही. दोन्ही डिफरन्शल साधी असतील आणि पुढचं एक आणि मागचं समोरासमोरच्या कोपऱ्यातलं एक चाक अधांतरी झालं, तर तीच दोन चाकं गरगर फिरतात आणि गाडी तिथेच. तिथे डावं-उजवं चाक एकत्र फिरवणारा लॉक लागतो. म्हणून तर फोर्सच्या गुरखामध्ये पुढे आणि मागे दोन्हीकडे हाताने लावायचे लॉक दिलेत. मागे चांगला लॉक असलेली टू-व्हील गाडी काही ठिकाणी लॉक नसलेल्या फोर बाय फोरच्या पुढे जाते.

तिसरी गोष्ट उताराची. ट्रान्स्फर केस म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी. तिच्यातला फोर-लो, म्हणजे हळू पण जोरदार गियर, हा चढापेक्षा उताराला जास्त कामाचा आहे. लो मध्ये पहिला गियर टाकला की इंजिन चारही चाकांना धरून ठेवतं, ब्रेकवर पाय न ठेवता गाडी मुंगीच्या पावलाने उतरते. टू-व्हीलमध्ये लो नाहीच. निसरड्या मातीच्या उतारावर ब्रेक दाबला की पुढची चाकं कुलूपबंद होतात, स्टिअरिंग फिरवून उपयोग नसतो, गाडी आपल्या मर्जीने दरीकडे जाते. एबीएस मोकळ्या मातीवर फार मदत करत नाही. माझ्या मते टू-व्हीलवाल्यांनी भ्यायचं असेल तर ते उताराला.

---

तळकोकणी

ट्रान्स्फरकेस, उताराचं लिहिलंत ते बरं केलंत. आमच्याकडे जांभ्यावर शेवाळ धरलं की पायी चालणारा माणूस घसरतो. घराकडे उतरणाऱ्या पाणंदीत मित्राची मागच्या चाकांची गाडी (कंपनीचं नाव नको) पहिल्या पावसानंतर आडवी होऊन गडग्याला टेकली. चालवणारा नवशिका नव्हता. वर काढताना तर सोपं झालं, मागे दोन चिऱ्याचे दगड टाकले, चाकाखाली झावळ्या घातल्या आणि एका दमात वर. उतरतानाच घात झाला.

---

साताराकर

डकार रॅली कुणी बघता का? प्यूजोने २०१६, २०१७ आणि २०१८ अशी सलग तीन वर्षं ती जिंकली, ती मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्या गाड्यांनी. समोर फोर बाय फोर मिनी होत्या, टोयोटा होत्या. वाळूचे डोंगर, दगड, नद्या, सगळं पार केलं. मग टू-व्हील गाडी ऑफ-रोड नाही असं कसं म्हणता येईल?

---

ट्रान्स्फरकेस

साताराकर, उदाहरण खरं आहे पण त्यामागचं कारण बघा. नियमांप्रमाणे टू-व्हील गाड्यांना मोठे टायर, सस्पेन्शनला जास्त लांब चाल, कमी वजन आणि चालू गाडीत आतूनच टायरची हवा कमी-जास्त करायची सोय मिळत होती. एक गोष्ट काढून घेतली आणि तिच्या बदल्यात चार दिल्या. शोरूममधल्या टू-व्हील गाडीत एक काढून घेतात आणि बदल्यात फक्त किंमत कमी करतात.

त्यातला टायरच्या हवेचा धडा मात्र सगळ्यांनी घ्यावा. मऊ वाळूत ३२ वरून १८ पर्यंत हवा उतरवली तर टायर पसरतो आणि टू-व्हील गाडीसुद्धा निघते. नंतर भरायला बारा व्होल्टचा पंप जवळ हवा, नाहीतर डांबरावर टायरची वाट.

---

दूरदेशी

मी कॅलिफोर्नियात राहतो. इथे हा वाद फार जुना आहे. जीप रँग्लरची चार दारांची आवृत्ती २००७ ते २०१० या काळात टू-व्हीलमध्येही मिळायची. लोकांनी नाकं मुरडली आणि पुढे कंपनीने ती बंद केली. फोर्डने २०२१ मध्ये ब्रॉन्को परत आणली ती सगळीच्या सगळी फोर बाय फोर.

पण त्याच वेळी टोयोटाने टॅकोमा पिकअपची प्रीरनर नावाची आवृत्ती वर्षानुवर्षं विकली. उंची आणि सस्पेन्शन फोर बाय फोरचं, चालायची मागच्या चाकांवर. वाळवंटातल्या रस्त्यांवर लोकांनी ती आवडीने वापरली. बाहा रॅलीतले मोठे ट्रकही बरीच वर्षं मागच्याच चाकांवर पळत आलेत. मला यात कळीची गोष्ट वाटते ती नावाची. टू-व्हील असूनही उंच, हे प्रीरनर या नावातच कळायचं. घेणाऱ्याची आणि बघणाऱ्याची फसगत व्हायची नाही.

---

मावळवाट

दूरदेशी, हेच म्हणणं आहे माझं. नाव वेगळं द्या. "थार" म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यांसमोर जे येतं ते त्या छोट्या दांड्यामुळे येतं.

---

हिमवाट

नावाचा फरक कुठे पडतो ते सांगते. हिवाळ्यात मनालीहून अटल बोगद्याकडे बर्फ पडलं की पोलीस सोलंगच्या अलीकडे गाड्या अडवतात आणि फक्त फोर बाय फोर किंवा चेन लावलेल्या गाड्या पुढे सोडतात. आमच्या पुढे महाराष्ट्रातली एक गाडी होती, दिसायला पक्की दणकट. पोलिसाने मागे-पुढे फिरून पाहिलं, फोर बाय फोरचा बिल्ला नव्हता, परत पाठवली. आत बसलेल्या आजोबांना कळेचना की एवढी मोठी गाडी का अडवली आणि मागून आलेली मारुतीची जिम्नी, जी हिच्यापुढे लहान दिसते, ती का सोडली. मुलगा त्यांना समजावत होता, पण त्यालाही शोरूममध्ये कुणी हे नीट सांगितलं नसावं असं त्याच्या बोलण्यावरून वाटलं. त्यांनी चेन भाड्याने घ्यायचा प्रयत्न केला, त्या मापाची मिळाली नाही. एक दिवस गेला.

आणि एक विनंती सगळ्यांनाच. फोर बाय फोरमुळे गाडी बर्फावर निघते चांगली, थांबत मात्र तेवढ्याच अंतरात जेवढ्यात बाकीच्या थांबतात. ब्रेक आधीपासूनच चारही चाकांना असतो. काळ्या बर्फावर (रस्त्यावरच्या न दिसणाऱ्या पातळ थरावर) घसरून दरीच्या कठड्याला टेकलेल्या गाड्यांमध्ये फोर बाय फोर भरपूर असतात.

---

झाडीपट्टी

आमच्या चंद्रपूरकडे ताडोबात जिप्सी चालतात. त्या फोर बाय फोर आहेत, पण ड्रायव्हर मंडळींना विचाराल तर उन्हाळाभर तो दांडा हलवायची गरज क्वचितच पडते. धुळीचे कोरडे रस्ते, वेगावर मर्यादा. मात्र अवकाळी पाऊस झाला की काळ्या मातीत त्याच रस्त्याचं लोणी होते, तेव्हा मात्र तोच दांडा पर्यटकांसह गाडी बाहेर आणते. वर्षातून थोड्याच वेळा लागते, पण लागते तेव्हा त्याला पर्याय नाही.

काळ्या मातीचं एक अजून. ती टायरच्या खाचांत भरून बसते आणि टायर गुळगुळीत होऊन जाते. तिथे रोडचे टायर लावलेली फोर बाय फोर पण फसते. खोल खाचांचे मड टायर असलेली टू-व्हील तिच्या बाजूनं निघून जाते. आधी टायर, मग ड्रायव्हर, मग फोर बाय फोर, असा आमच्याकडच्या जुन्या ड्रायव्हरांचा क्रम आहे.

---

सह्यकडा

विषय थोडा बाजूला नेतो. फोर बाय फोर मिळाली की लोक जिथे जाऊ नये तिथे जातात, हेही बोला. डिसेंबर २०२३ मध्ये लाहौलमध्ये चंद्रा नदीच्या पात्रातून थार नेली म्हणून पोलिसांनी दंड केला, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला असेल. गोव्यात आणि आपल्या कोकणात समुद्रकिनाऱ्यावर गाडी उतरवायला बंदी आहे, तरी दर सुट्टीत भरतीच्या पाण्यात एखादी गाडी रुतलेली असतेच. पठारांवर चाकोऱ्या पाडणारे वेगळेच. पावसाळ्यात पठारावर जी फुलं येतात ती बोटभर मातीच्या थरावर येतात, तिथून एक गाडी गेली की पुढची कित्येक वर्षं तिथे काही उगवत नाही.

मला तर वाटतं रस्त्यावरच्या निम्म्या दणकट गाड्या टू-व्हील आहेत ते बरंच आहे.

---

पंचगंगाकाठ

सह्यकडा, पटलं. फोर बाय फोर रुततीया ती पण मग लई आत जाऊन रुततीया. तिला काढायला जेसीबीच लागतोय.

---

मावळवाट

किनारे आणि पठारांबद्दल पूर्ण सहमत. पण त्याला उपाय दंड हा आहे, गाडी दुबळी करणं हा नाही. ज्याला शेतावर, धरणावर, वस्तीवर खरंच जायचंय त्याला फोर बाय फोर स्वस्तात मिळायला हवी. माझा मूळ मुद्दा खरं तर इथेच येतो. टू-व्हील आल्यापासून फोर बाय फोर हळूहळू महागड्या मॉडेलांकडे सरकतेय. रॉक्स १२.९९ लाखांपासून सुरू झाली, पण तिच्यातली सगळ्यात स्वस्त फोर बाय फोर १८.७९ लाखांची होती. छताची काच, चामड्यासारख्या सीटा, मोठा पडदा हे सगळं घेतल्याशिवाय ट्रान्स्फर केस मिळत नाही. डोंगरातल्या शेतकऱ्याला छताची काच काय करायची?

---

ट्रान्स्फरकेस

आता खऱ्या मुद्द्यावर आलात. हे असं का झालं ते कराच्या तक्त्यात आहे.

छोट्या गाडीची व्याख्या आपल्याकडे अशी: लांबी चार मीटरच्या आत, आणि इंजिन पेट्रोलचं असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेलचं असेल तर १५०० सीसीपर्यंत. तीन दारांची थार ३९८५ मिमी, म्हणजे लांबीत बसते. फोर बाय फोरला २.२ लिटरचं डिझेल आहे, ते बसत नाही. म्हणून टू-व्हीलमध्ये १.५ लिटरचं डिझेल टाकलं. त्या वेळी या लहान डिझेलच्या गाडीवर सेससह ३१ टक्के कर होता आणि २.२ लिटरच्या गाडीवर ४८. २२ सप्टेंबर २०२५ पासून सेस गेला आणि ते १८ आणि ४० झाले. म्हणजे १७ टक्क्यांची दरी वाढून २२ झाली. टू-व्हील एवढी स्वस्त दिसते त्यात पुढचा डिफरन्शल न टाकल्याची बचत थोडी, इंजिन लहान केल्याची बचत मोठी.

जिम्नीचं दुखणंही हेच. जून २०२३ मध्ये आली, लांबी ३९८५ मिमीच, सगळी मॉडेलं फोर बाय फोर, लो गियरसकट. पण पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं. १२०० च्या वर गेलं, म्हणून मोठ्या गाडीचा कर.

---

निळीथार

थांबा. म्हणजे कर चाकांवर नाहीच? इंजिनावर आणि लांबीवर आहे?

---

ट्रान्स्फरकेस

हो. किती चाकं ओढतात याचा त्या व्याख्येत उल्लेखच नाही.

---

जुनीजीप

मग १.५ लिटरच्या डिझेलला फोर बाय फोर का जोडत नाहीत? ती गाडीसुद्धा १८ टक्क्यांतच बसेल ना?

---

ट्रान्स्फरकेस

बसेल. आणि "इंजिन लहान आहे, झेपणार नाही" हे कारण टिकत नाही. हे १.५ लिटरचं डिझेल ११७ बीएचपी आणि ३०० न्यूटन मीटर देतं. २०१० च्या पहिल्या थारमध्ये २.५ लिटरचं सीआरडीई इंजिन होतं, ते १०५ बीएचपी आणि २४७ न्यूटन मीटर द्यायचं. त्या गाडीने लोकांनी लडाख, स्पिती, ईशान्य भारत सगळं केलं. त्याच्याही आधीची एमएम ५४० तर याच्या जेमतेम निम्म्या ताकदीवर डोंगर चढायची. लो गियर असला की इंजिन केवढं आहे याला फारसं महत्त्व राहत नाही, तो गियर त्याचसाठी असतो.

अडचण एकच दिसते, किंमत. ट्रान्स्फर केस, पुढचा डिफरन्शल, दोन ड्राइव्ह शाफ्ट, जादा प्रोपेलर शाफ्ट आणि त्याची जुळणी याचा खर्च येईल. वजन वाढेल, ॲव्हरेज थोडं पडेल. पण २२ टक्के कराच्या फरकापुढे तो खर्च किती, हा हिशोब कुणीही मांडावा. शिवाय तशी गाडी आली तर २.२ लिटरची महागडी फोर बाय फोर कोण घेणार, हाही विचार असू शकतो. हा माझा तर्क आहे.

---

साताराकर

पण मागणी खरंच आहे का तेवढी? रॉक्सला लांबीमुळे कराची सवलत नाही, तरी टू-व्हील रॉक्स धो-धो विकली जाते. फॉर्च्युनर २००९ मध्ये आली तेव्हा फक्त फोर बाय फोर होती, फोर बाय टू नंतर आणावी लागली आणि आता रस्त्यावर बघाल तर बहुतेक तीच. लोकांना गाडीचा रुबाब हवा असतो, चाकं किती ओढतात हे नंतर.

---

निळीथार

साताराकर, "रुबाब" म्हणून सोडून देऊ नका. शहरात बाईने एकटीने गाडी चालवताना उंच, दणकट गाडीत बसल्यावर आजूबाजूचे ट्रक आणि बस ज्या रीतीने वागतात, त्यात फरक पडतो. आधीच्या हॅचबॅकमध्ये रोज कट मारून जाणारे आता जागा देतात. ही गरज आहे, हौस नाही.

आणि आता हिमवाट यांचं वाचून मला दुसऱ्या बाजूचंही पटायला लागलंय. मला काय मिळतंय हे मला माहीत होतं, कारण मी महिनाभर वाचून गेले होते. शोरूममधल्या मुलाने मला स्वतःहून काही सांगितलं नव्हतं. उलट "मॅडम, ही कुठेही जाते" हेच वाक्य त्याने दोनदा ऐकवलं.

---

हिमवाट

ते वाक्य बंद व्हायला हवं. बाकी काही नाही झालं तरी चालेल.

---

तळकोकणी

मी तर म्हणतो गाडीच्या मागे मोठ्या अक्षरात लिहा, टू-व्हील की फोर-व्हील. फोर बाय फोरवाले बिल्ला लावतात, टू-व्हीलवरही लावा. रुतलेल्या गाडीला दोर लावायला जाणाऱ्याला लांबूनच कळेल, पुढून मदत मिळणार की नाही.

---

मावळवाट

एवढ्या प्रतिसादांनंतर माझं म्हणणं असं उरतं. टू-व्हील विका, निळीथार यांच्यासारख्या माणसांना ती हवीय आणि ती त्यांना मिळायला हवी. पण तीन गोष्टी करा. गाडीवर आणि जाहिरातीत ती टू-व्हील आहे हे ठळक लिहा, आणि जाहिरातीत तिला नदीतून, दगडांवरून नेऊन दाखवू नका. सगळ्यात साध्या मॉडेलला फोर बाय फोर मिळू द्या, सीटा कापडी असल्या तरी चालतील. आणि १.५ लिटरच्या डिझेलला ट्रान्स्फर केस जोडा. या तिसऱ्यासाठी मी कंपनीला पत्र लिहितोय, ट्रान्स्फरकेस यांनी आकडे तपासून दिले तर बरं होईल. ज्यांना सही करायची असेल त्यांनी इथेच सांगा.

नावाबाबत अजूनही मला वेगळं नाव हवंय. तिथे मी हललेलो नाही.

---

जुनीजीप

माझी सही धरा. पत्रात एक घाला: टू-व्हीललाही मागचा लॉक देत चला. पुढच्या डिफरन्शलच्या मानाने तो खूप स्वस्तात होतो आणि उसाच्या बांधावर तेवढाच पुरतो.

---

निळीथार

माझीही सही. टू-व्हीलवाली म्हणूनच करते. नावाच्या मुद्द्यावर मात्र नाही.

---

पंचगंगाकाठ

सही घ्या. आणि मंडळी, जाता जाता एक इचारतो. भाऊ जुनी थार बघायलाय, २०२३ ची. विकणारा म्हणतोय फोर बाय फोर हाय. मागं बिल्ला बी हाय. पण बाजारात बिल्ले सुट्टे मिळत्यात, म्हणून शंका. कसं वळखायचं?

---

ट्रान्स्फरकेस

बिल्ल्यावर जाऊ नका. गियरच्या दांड्याजवळ दुसरा छोटा दांडा आहे का ते बघा, नसेल तर विषय संपला. डिझेल असेल तर आरसीवर इंजिनाचे सीसी बघा: २१८४ च्या आसपास असेल तर २.२ लिटर, १४९७ असेल तर टू-व्हील. पेट्रोलमध्ये मात्र दोन्हींना तेच दोन लिटरचं इंजिन आहे, तिथे आरसीवरून कळणार नाही. मग पुढच्या चाकांमागे वाकून बघा: पुढच्या डिफरन्शलपासून दोन्ही चाकांकडे जाणारे शाफ्ट आणि त्यांच्या टोकाला रबरी बूट दिसायला हवेत.

आणि असेल तर चालवूनच बघा. मऊ मातीवर किंवा गवतावर न्या, फोर-लो टाकायला सांगा. विकणारा "नको, तो आम्ही कधी वापरत नाही" म्हणाला तर आग्रह धरा. वर्षानुवर्षं न हललेला दांडा अडकून बसतो. रबरी बूट फाटले असतील तर आतलं ग्रीस निघून गेलेलं असतं, त्याचा खर्च भावात धरा.